पाणीपट्टीच्या बाहेरचा हिशेब

गेल्या वेळी आपण सोलापूरच्या गिरण्यांपर्यंत येऊन थांबलो होतो. आज त्याच शहराच्या पाण्याकडे वळू. प्रश्न साधा आहे: सोलापूरच्या पाण्याचा खर्च कोण भरतं? पाणीपट्टीची पावती दाखवून उत्तर देता येईल, पण त्यात फार थोडा खर्च दिसतो.

सुरुवात गावाच्या मधोमध असलेल्या तळ्यापासून करू. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना हाताशी धरून हे तळं खोदलं, अशी परंपरा सांगते. यात खर्च म्हणजे अंगमेहनत. ती करणारा आणि ते पाणी पिणारा माणूस एकाच गावातला. एवढा सरळ हिशेब या शहराच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

1860 मध्ये रेल्वे आली. 1871 मध्ये इंग्रज सरकारने अदिला नदीवर एकरुखचा तलाव पुरा केला. आपण ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो तोच. मुलूख दुष्काळी, म्हणून तलाव. पण सरकारी खातेवही विचारायची एकच गोष्ट: घातलेल्या भांडवलावर व्याज सुटतं का? आता बघा, आपल्या काळ्या जमिनीत पाऊस बरा झाला की ज्वारी नुसत्या ओलीवर येते. मग शेतकरी पैसे मोजून कालव्याचं पाणी कशाला घेईल? तो घेणार वाईट वर्षी. म्हणजे चांगल्या वर्षी कालवा तोट्यात. दख्खनच्या बहुतेक कालव्यांची हीच रड होती. आमच्या मते चूक शेतकऱ्याची नव्हती, प्रश्नाची होती. विम्याचा हप्ता भरायचा आणि यंदा घर जळलं नाही म्हणून पैसे बुडाले म्हणायचं, असला तो प्रकार!

पाचच वर्षांनी, 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ पडला. त्यानंतरच्या 1880 च्या दुष्काळ आयोगापासून ‘संरक्षक’ कामांचा वेगळा विचार सुरू झाला. पण वसुलीची चिंता काही सुटली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली आणि पाण्याला दरवर्षीचं, हमखास गिऱ्हाईक मिळालं. ते गिऱ्हाईक म्हणजे ऊस. दुष्काळासाठी बांधलेल्या कालव्यांना ऊस चिकटला, त्याची एक मुळी या खातेवहीत आहे. आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग उजनी. 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते पायाभरणी झाली, 1980 मध्ये धरण पुरं झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. करमाळा, इंदापूरकडच्या गावांनी त्यासाठी घरंदारं सोडली. त्याचीही नोंद आपल्या पाणीपट्टीत नाही.

आता थोडं गणित करू. वहीत मांडून बघा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर रोज पावणेतेरा कोटी लिटर लागतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. म्हणजे वर्षाची गरज पावणेदोन टीएमसीसुद्धा भरत नाही. आणि उजनीतून भीमेच्या पात्रात ‘सोलापूरसाठी’ म्हणून जे पाणी सुटतं, ते एका आवर्तनात पाच-सहा टीएमसी! वर्षात अशी आवर्तनं एकाहून जास्त. वाटेत पंढरपूर, मंगळवेढ्याची तहान भागते, हे मान्य. पण बाकीचं? वाळू पिते, ऊन पितं, काठावरच्या मोटारी ओढतात. उरलेलं औज-चिंचपूर बंधाऱ्यात येतं, टाकळीला उपसलं जातं आणि मग नळाला चार-पाच दिवसांनी येतं.

त्या चार-पाच दिवसांचा खर्च घरात पडतो. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पाणी येणार त्या दिवशी भांडी, ड्रम, टाकी भरायची, म्हणजे तेवढ्या विड्या कमी. नोकरदाराची रजा तरी कागदावर दिसते, ही मजुरी कुठंच दिसत नाही. शिवाय साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. रिकाम्या जलवाहिनीला टुल्लू पंप लावला की शेजारच्या गटाराचं पाणी फटीतून आत ओढलं जातं. दवाखान्याचं बिल हा पाण्याचाच खर्च, फक्त पावती वेगळ्या नावाची.

आणि हे पाणी येतं कुठून? पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. जलाशय हिरवा पडतो तो यामुळे. वरच्या शहरांचं सांडपाणी पुरतं शुद्ध न करता सोडलं की त्यांचा खर्च वाचतो, आणि तोच खर्च खालचं शहर तुरटी, क्लोरीन आणि आजारपणाच्या रूपात भरतं. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. पंपहाऊसवरच्या माणसाला विचाराल तर तो दुसऱ्या शब्दांत सांगेल, ते शब्द इथं नकोत.

जानेवारी 2016 च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत सोलापूर नववं आलं आणि उजनीपासूनच्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं काम हाती घेतलं गेलं. लांबी सुमारे 110 किलोमीटर. हिशेबाने ती हवीच. नळीतून येणारं पाणी वाळूत मुरत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शहराचं सगळं पाणी नळीतून येऊ लागलं की नदीत ‘सोलापूरसाठी’ पाणी सोडायला कारण उरत नाही. शहराच्या नावाने सुटणाऱ्या त्या पाण्यावर भीमाकाठचे कितीतरी मळे उभे आहेत. शहराची बचत ती त्यांची तूट. त्यांनी ती का सोसावी आणि कोणत्या भरपाईवर, याकडे पुढच्या व्याख्यानात येऊ.