सीसीएनए उत्तीर्ण झाल्यावर पुढे काय? इंद्रवेल्लीच्या उमेदवारांपुढचे मार्ग

इंद्रवेल्लीहून गुडीहत्नूरला पोहोचले की राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ लागतो. डावीकडे वळल्यास तीनशे किलोमीटरच्या आसपास हैदराबाद आणि उजवीकडे वळल्यास दोनशेहून थोडे अधिक अंतरावर नागपूर. आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी कुटुंबांची शिक्षण, दवाखाना व नोकरीनिमित्तची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या या दोन दिशांनी विभागलेली आहे. संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या येथील तरुणांपुढेही प्रथम हाच प्रश्न उभा राहतो. कारण परीक्षा-केंद्रे याच शहरांत आहेत आणि परीक्षेनंतरचे कामही बहुतांशी तेथेच आहे. नागोबाच्या जत्रेसाठी ओळखले जाणारे केसलापूर ज्या मंडलात येते, त्या इंद्रवेल्लीच्या परिसरात गोंडी, तेलुगू, मराठी आणि हिंदी या चारही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. या गोष्टीचा पुढे उपयोग आहे, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच केला.

नेटवर्किंगमधील पायाभूत प्रमाणपत्र म्हणून सर्वाधिक परिचित असलेली परीक्षा म्हणजे सीसीएनए. सिस्को ही कंपनी १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने स्थापन केली. वेगवेगळ्या जाळ्यांना परस्परांशी जोडणारे राउटर हे तिचे आरंभीचे उत्पादन. ही यंत्रे हाताळणाऱ्यांची पारख व्हावी म्हणून १९९३ मध्ये सीसीआयई ही अत्युच्च पातळीची परीक्षा सुरू झाली आणि १९९८ मध्ये प्रवेशाची पायरी म्हणून सीसीएनए आली. मधल्या काळात तिच्या सुरक्षा, ध्वनी, वायरलेस अशा अनेक शाखा झाल्या होत्या. २४ फेब्रुवारी २०२० रोजी त्या बहुतांशी मोडून २००-३०१ या क्रमांकाची एकच परीक्षा ठेवण्यात आली. जुनी पुस्तके स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांनी मुखपृष्ठावरील हा क्रमांक आधी पाहावा.

परीक्षा १२० मिनिटांची असते. गुणांची विभागणी जाहीर आहे: जाळ्याची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच व वायरलेस जोडणी २० टक्के, आयपी मार्गनिश्चिती २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के. उत्तीर्णतेसाठी नेमके किती गुण लागतात, हे कंपनी जाहीर करत नाही; त्यामुळे शिकवणी-वर्गांतून सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांवर विसंबू नये. एकदा पुढच्या प्रश्नावर गेल्यावर मागे येता येत नाही. शालेय परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवण्याची सवय झालेल्यांना हा नियम चांगलाच अडचणीचा ठरतो.

ही परीक्षा मराठीत वा तेलुगूत देता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पारिभाषिक शब्द फारसे अडवत नाहीत, कारण ‘स्विच’ आणि ‘राउटर’ सर्वांसाठी सारखेच परके. अडवते ते पाच-सहा ओळींचे परिस्थितिवर्णन आणि त्यातील ‘केवळ’, ‘वगळून’, ‘सर्वांत योग्य’ या अर्थाचे शब्द. त्यासाठी इंग्रजी भाषेचा वेगळा वर्ग लावण्याची गरज नाही. सराव-प्रश्न मोठ्याने वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगण्याची सवय पुरेशी ठरते.

गणिताचा भाग मात्र टाळता येत नाही. समजा, एखाद्या निवासी शाळेत पन्नास संगणकांची प्रयोगशाळा, दहा यंत्रांचे कार्यालय आणि वीस कॅमेरे आहेत. २५६ पत्त्यांचा एक गट हाती असताना तो ६४-६४ च्या चार भागांत कापला, तर प्रत्येक भागातील पहिला पत्ता जाळ्याच्या नावासाठी व शेवटचा सर्वांना एकदम संदेश देण्यासाठी राखीव राहतो आणि ६२ पत्ते वापरण्यास उरतात. प्रयोगशाळेला एक भाग, कार्यालयाला एक, कॅमेऱ्यांना एक. चौथा पुढील वाढीसाठी शिल्लक. विद्यार्थ्यांच्या संगणकांवरून कार्यालयातील यंत्रांपर्यंत पोहोचता येऊ नये, ही व्यवस्था याच विभागणीवर उभी राहते. सबनेटिंग म्हणतात ते हेच. कागदावर हे अर्ध्या मिनिटात जमू लागले की परीक्षेची निम्मी भीती ओसरते. सरावासाठी महागडी यंत्रे विकत घेण्याचे कारण नाही. पॅकेट ट्रेसर ही आज्ञावली सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीवर नाव नोंदवल्यास विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.

खर्चाचा विचार अधिक गंभीर आहे. परीक्षा-शुल्क ३०० अमेरिकी डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक. त्यावर कर निराळा. कापसाच्या हंगामावर चालणाऱ्या घरात ही रक्कम हलकी नव्हे. अनुत्तीर्ण झाल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा बसता येते, परंतु शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागते. घरी बसून परीक्षा देण्याची सोयही आहे; तथापि त्यासाठी एकट्याची बंद खोली, कॅमेरा आणि अखंड वीज व इंटरनेट लागते. जोडणी तुटली तर सत्र रद्द होऊ शकते. गावात राहून पंचवीस हजारांचा हा धोका पत्करण्यापेक्षा आदल्या दिवशी नागपूर किंवा हैदराबाद गाठणे शहाणपणाचे. ‘हमखास येणारे प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांपासूनही दूर राहावे. गैरप्रकार उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होते. आणि न झाला तरी मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत तो कळतो.

आता उत्तीर्ण झाल्यानंतरचा प्रश्न. येथे बहुतेकांची गफलत होते. निकालाच्या आनंदात लगेच सीसीएनपी या पुढील परीक्षेची शिकवणी लावली जाते. नियमाने त्याला आडकाठी नाही. सीसीएनपीसाठी सीसीएनए असण्याची अटही आता राहिलेली नाही. एंटरप्राइज शाखेत ३५०-४०१ हा मुख्य पेपर आणि एक विशेष विषयाचा पेपर अशा दोन परीक्षा असतात. त्यांचे शुल्क अनुक्रमे ४०० व ३०० डॉलर, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या दुपटीहून अधिक. परंतु एकही दिवस प्रत्यक्ष जाळ्यावर काम न केलेल्या उमेदवाराच्या हाती वरच्या पातळीचे प्रमाणपत्र दिसले की मुलाखत घेणारा चकित होत नाही, साशंक होतो. प्रश्न त्या पातळीचे विचारले जातात आणि उत्तरे पुस्तकी निघतात.

म्हणून पुढची पायरी परीक्षा नसून पहिली नोकरी ही असावी, असेच म्हणावे लागते. ती नोकरी बहुधा नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधील, म्हणजे चोवीस तास जाळ्यावर नजर ठेवणाऱ्या कक्षातील पहिल्या फळीची असते. पडद्यावर लाल खूण दिसली की तक्रार नोंदवायची, प्राथमिक तपास करायचा आणि आवाक्याबाहेरचे असेल तर दुसऱ्या फळीकडे सोपवायचे. रात्रपाळी चुकत नाही. काम कंटाळवाणे वाटते, पण बिघाड किती प्रकारचे असतात हे एका वर्षात तेथे जितके कळते तितके कोणत्याही वर्गात कळत नाही. हैदराबादेत अशा कामाची कमतरता नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे आपला स्वतंत्र विभाग सुरू केला आणि मोठी विदा-केंद्रेही शहरात आहेत. मुलाखतीत साधारणपणे एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो: ‘एका कर्मचाऱ्याच्या संगणकावर इंटरनेट चालत नाही, आपण काय कराल?’ तार, दिवा, पत्ता, प्रवेशद्वार, नाव-सेवा अशा क्रमाने खालून वर जाणारे उत्तर देणारा निवडला जातो. येथेच चार भाषांचा उपयोग होतो. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगण या तिन्ही भागांतील शाखांशी दूरध्वनीवर बोलू शकणारा तंत्रज्ञ सांभाळणाऱ्या कंपनीला त्याची किंमत कळते. उमेदवाराने मात्र ती अर्जात लिहायला हवी.

जिल्ह्यातच राहू इच्छिणाऱ्यांचे काय? मार्ग आहे, पण अरुंद. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तेलंगणात तिचे काम टी-फायबर या राज्य शासनाच्या कंपनीकडे आले. येथे तंतूंच्या नळ्या मिशन भगीरथाच्या पाण्याच्या वाहिन्यांसोबत त्याच चरांतून टाकण्यात आल्या. एकदाच खोदायचे आणि पाणी व इंटरनेट दोन्ही न्यायचे, ही कल्पना खरोखर काटकसरीची. हे जाळे चालू ठेवायला माणसे लागतातच. मात्र तुटलेला तंतू सांधण्याचे कौशल्य सीसीएनएच्या अभ्यासक्रमात नाही; ते वेगळे शिकावे लागते. शिवाय शासकीय कंपन्यांतील नियमित पदे पदवी वा पदविकेवर भरली जातात, खासगी प्रमाणपत्रावर नव्हे. बीएसएनएलमधील कनिष्ठ दूरसंचार अधिकारीपदासाठी अभियांत्रिकीची पदवी मागितली जाते. तेव्हा प्रमाणपत्राच्या भरवशावर पदवी अर्धवट सोडणे ही न भरून येणारी चूक ठरेल. बँका, रुग्णालये, निवासी शाळा आणि स्थानिक केबल-इंटरनेटवाले यांची कामे करून आदिलाबाद व उटनूरच्या परिसरात पोट भरता येते, पण उत्पन्न महिन्यागणिक बदलते.

सीसीएनए प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. पुढील निवड याच मुदतीत बसवणे सोयीचे. जून २०२६ मध्ये उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराजवळ जून २०२९ पर्यंत वेळ आहे. पहिले वर्ष नोकरीत घालवल्यावर आपला कल कोठे आहे हे कळू लागते. राउटर-स्विचमध्येच मन रमत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सीसीएनपीचा मुख्य पेपर द्यावा. तो उत्तीर्ण होताच सीसीएनएचीही मुदत वाढते, म्हणजे जुनी परीक्षा पुन्हा देण्याचा खर्च वाचतो. हल्ले ओळखणे, नोंदी तपासणे याची गोडी लागली तर सायबर-सुरक्षेकडे वळावे. क्लाउडकडे जायचे असल्यास त्याआधी लिनक्स हाताळता आले पाहिजे, आणि पायथॉनमध्ये छोट्या आज्ञावली लिहिता येणे तर आता कोणत्याही दिशेला लागते. परीक्षेत स्वयंचलनाला दहाच टक्के असले, तरी शंभर स्विचांवर एकच बदल हाताने करणाऱ्याला आज कोणी ठेवत नाही. नवीन परीक्षा न देता मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांतून ३० श्रेयांक मिळवूनही मुदत वाढवता येते. मुदत उलटून गेल्यास मात्र पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते.

एक किरकोळ वाटणारी, पण सीमाभागात वारंवार नडणारी बाब. परीक्षेसाठी नोंदवलेले नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळावे लागते. मराठी घरांत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. तेलंगणातील दहावीच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव किंवा त्याचे आद्याक्षर आधी येते. आधार कार्डावर तिसराच प्रकार आढळतो. केंद्रावर हा घोळ निस्तरता येत नाही. उमेदवाराला परत पाठवले जाऊ शकते आणि शुल्क बुडते. शुल्क भरण्यापूर्वी आधार वा पारपत्रावरील नाव जसेच्या तसे, त्याच क्रमाने नोंदवावे आणि आधारवरच चूक असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी.