इंजिनाचे अतितापन
इंजिनाचे अतितापन म्हणजे मोटारीच्या इंजिनाचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे वाढणे. इंजिनातील उष्णता कूलंट शोषून घेतो आणि ती रेडिएटरद्वारे हवेत सोडली जाते. या साखळीतील एखादा दुवा निकामी झाल्यास इंजिन तापते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून सह्याद्रीवर चढणाऱ्या आंबोली, फोंडा व करूळ या घाटांत इंजिनावर अधिक भार पडतो आणि वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. त्यामुळे सपाटीवर न जाणवलेला दोष तेथे उघड होतो. मालवण किनाऱ्यावरील खारी हवा रेडिएटरच्या पात्यांना गंजवते.

निदान
गाडी थांबलेली असतानाच इंजिन तापत असेल, तर पंख्यात दोष संभवतो. चढावर किंवा वेगात तापत असेल, तर कूलंटची गळती, तुंबलेला रेडिएटर किंवा निकामी पाणीपंप तपासतात. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापल्यास थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. धुरकांड्यातून सतत पांढरा धूर येणे व इंजिन ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे आहेत.

उपाय
तापमापकाचा काटा लाल पट्ट्याकडे गेल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. तशीच चालवल्यास सिलिंडर हेड वाकू शकते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील उकळता कूलंट उसळून गंभीर भाजते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट भरावा. अडचणीत साधे पाणी चालते. मात्र विहिरीचे खारे पाणी गंज वाढवते, म्हणून नंतर प्रणाली धुऊन योग्य कूलंट भरणे आवश्यक असते.