सुगंधी द्रव साबण (घरगुती)

तेल आणि दाहक पोटॅश यांच्या विक्रियेतून मिळणारा पातळ साबण. सोडियमचा क्षार वापरला तर घट्ट वडी होते. पोटॅशियमचा साबण मऊ राहतो व पाण्यात सहज विरघळतो. न्यूयॉर्कच्या विल्यम शेपर्ड यांनी द्रव साबणाचे पेटंट 1865 मध्ये घेतले.

घरी भरपूर फेसासाठी खोबरेल तेल सोयीचे. 100 ग्रॅम तेलाला सुमारे 25 ते 26 ग्रॅम शुद्ध पोटॅश लागते; बाजारातल्या पोटॅशमध्ये ओलावा असल्याने वजन थोडे वाढवावे लागते. अंदाजपंचे माप इथे चालत नाही: पोटॅश जास्त झाले तर साबण त्वचा पोळतो. पोटॅश नेहमी पाण्यात टाकावे, त्यावर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचे पातेले तर नकोच, क्षार ते खातो. मिश्रण मंद आचेवर शिजवून झालेला लगदा ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवतात. बोअरचे जड पाणी घेतल्यास साका धरतो.

वाळा किंवा गवती चहाचे तेल द्रव निवल्यावरच मिसळतात, कारण उष्णतेने सुगंध उडतो. तेल जास्त झाल्यास साबण गढूळ दिसतो.

रिठ्याचे फेसाळ पाणी मात्र साबण नव्हे; तो फेस सॅपोनिनांचा.