पंच (सॉफ्टबॉल)

सॉफ्टबॉलमधील पंच हा सामन्याचे नियमांनुसार संचालन करणारा आणि मैदानावरील घटनांवर निर्णय देणारा अधिकारी असतो. होम प्लेटमागे मुख्य पंच, तर बेसजवळ बेस पंच उभे राहतात. हौशी प्रौढांच्या सामन्यांत अनेकदा एकच पंच ही दोन्ही कामे सांभाळतो. चेंडू टोलावला जाताच तो प्लेटमागून पुढे येतो.

कार्य

फलंदाजाने न टोलावलेला चेंडू ‘स्ट्राइक’ की ‘बॉल’ हे मुख्य पंच ठरवतो. 3 स्ट्राइकनंतर फलंदाज बाद होतो. 4 बॉल झाल्यास त्याला पहिला बेस मिळतो. संरक्षणासाठी पंच जाळीचा मुखवटा व छातीचे कवच वापरतो.

निर्णय व हरकत

धावक आधी पोहोचला की चेंडू, अशा प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित निर्णयावर हरकत घेता येत नाही. मात्र नियमाचा चुकीचा अर्थ लावला गेल्यास पुढील चेंडू टाकण्यापूर्वी हरकत नोंदवता येते.

‘इनफिल्ड फ्लाय’ हा असा एक नियम आहे. दोनपेक्षा कमी खेळाडू बाद असताना आणि पहिल्या व दुसऱ्या किंवा तिन्ही बेसवर धावक असताना, आतील क्षेत्ररक्षकाला सहज झेलता येईल असा उंच टोला बसल्यास पंच तत्काळ फलंदाजाला बाद घोषित करतो. त्यामुळे मुद्दाम झेल सोडून अडकलेल्या धावकांना बाद करण्याची युक्ती निष्फळ ठरते.

महाराष्ट्रात

राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉलचा समावेश आहे. हिंगोलीसह सर्व जिल्ह्यांत जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांचे आयोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होते.