भेकराची गुणसूत्रे

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील तानसा, माळशेज इ. भागांच्या वनांत भेकर हा लहान चणीचा मृग आढळतो. धोक्याची चाहूल लागताच तो कुत्र्यासारखा भुंकतो. पुष्कळदा दिसण्यापूर्वी ऐकू येतो तो त्याचा आवाजच. गुणसूत्रांच्या अभ्यासात या प्राण्याला मिळालेले स्थान मात्र सर्वस्वी अनपेक्षित आहे.

कोशिकेच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य विभाजनाच्या वेळी आखूड, जाड सूत्रांच्या रूपात दिसू लागते. व्हाल्टर फ्लेमिंग यांनी या विभाजनाचे सविस्तर वर्णन १८८२ मध्ये केले आणि सूत्रे रंजकद्रव्ये सहज शोषतात यावरून व्हाल्डायर यांनी १८८८ मध्ये त्यांना ‘क्रोमोसोम’ (रंगकाय) हे नाव दिले. सूत्रे मोजणे मात्र सोपे नव्हते. ती एकमेकांवर पडलेली असत. पेंटर यांनी १९२३ मध्ये दिलेली मानवातील ४८ ही संख्या तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. कोशिका सौम्य द्रावात फुगवून सूत्रे सुटी करण्याची रीत रूढ झाल्यावर टिओ व लेव्हान यांनी १९५६ मध्ये ती ४६ असल्याचे दाखविले.

याच रीतीने डोरिस वुर्स्टर व कुर्ट बेनिर्शके यांनी भारतीय भेकराच्या कोशिका तपासल्या. मादीत ६ व नरात ७ गुणसूत्रे आढळल्याचे त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या ज्ञात नव्हती. दिसण्यात बरेचसे सारखे असलेल्या चिनी भेकरात ती मानवाइतकीच, म्हणजे ४६ आहे. नरातील विषम संख्येचे कारण असे की, ‘एक्स’ हे लिंग-गुणसूत्र एका सामान्य गुणसूत्राशी जोडले गेले आहे. ‘वाय’ सुटे असून त्या सामान्य गुणसूत्राची दुसरी प्रतही सुटीच राहते.

संख्या घटली तरी द्रव्य त्या प्रमाणात घटलेले नाही; सूत्रेच प्रचंड लांब आहेत. ती टोकाला टोक जुळून बनली असावीत, अशी कल्पना ह्सू, पाठक व चेन यांनी १९७५ मध्ये मांडली. सांध्यांच्या ठिकाणी जुन्या टोकांचे अवशेष पुढे सापडल्याने तिला बळकटी आली. मूळ पूर्वजात ७० गुणसूत्रे असावीत, असे मानले जाते. गुणसूत्रांच्या संख्येवरून प्राण्याची प्रगतावस्था ठरविता येत नाही, हे येथे जितके उघड होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

थोडी व मोठी गुणसूत्रे असल्याने भेकराच्या संवर्धित कोशिका समविभाजनाच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात.