वेबपत्त्यावरचा मजकूर आणि जावाचा कंटेंट हँडलर

जानेवारी १९९६मध्ये आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत नेटवर्कच्या कामाचे जे क्लास होते, त्यांत ‘कंटेंट हँडलर’ नावाचा एक अगदी छोटा क्लास होता. वेबपत्त्यावरून आलेल्या बाइट्सपासून प्रोग्रॅमला थेट वापरता येईल असा ऑब्जेक्ट तयार करणे, एवढेच त्याचे काम. चित्र आले तर चित्राचा, मजकूर आला तर मजकुराचा. आज तो फारसा कोणी वापरत नाही. पण त्याच्या मागे ब्राउझर कसा असावा याचा एक धाडसी विचार होता.

आलेली गोष्ट कोणत्या प्रकारची आहे हे सांगण्याची पद्धत ई-मेलमधून आली. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२मध्ये माइम हे मानक मांडले. त्यात प्रत्येक मजकुरावर किंवा जोडपत्रावर मुख्य प्रकार आणि उपप्रकार लिहायचा असे ठरले: टेक्स्ट/प्लेन, इमेज/जिफ वगैरे. टिम बर्नर्स-ली यांच्या सुरुवातीच्या एचटीटीपीत अशी सोय नव्हती. तेथे एचटीएमएल पान तेवढे यायचे. एचटीटीपी १.० मध्ये ई-मेलचा ‘कंटेंट-टाइप’ हा हेडर जसाच्या तसा उचलला गेला.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पॅट्रिक नॉटन आणि जोनाथन पेन यांनी १९९४मध्ये जावात एक ब्राउझर लिहिला. त्याचे आधीचे नाव वेबरनर. मे १९९५मध्ये लोकांसमोर आला तेव्हा तो हॉटजावा झाला होता. त्या काळच्या ब्राउझरांना ठरावीक प्रकार कळत. अनोळखी प्रकार आला की ते फाइल बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमकडे सोपवत किंवा नुसती डिस्कवर उतरवून ठेवत. हॉटजावाच्या कर्त्यांचे म्हणणे असे की ब्राउझरच्या गाभ्याला काहीच ठाऊक असण्याची गरज नाही. नवा प्रकार समोर आला तर तो उलगडणारा जावा कोडच नेटवर्कवरून मागवावा. कंटेंट हँडलर हा त्या योजनेचा तुकडा.

त्याची जुळणी नावांच्या आधारे होते. प्रोग्रॅमने पत्त्याकडे ‘गेटकंटेंट’ मागितले की यूआरएलकनेक्शन हा क्लास कंटेंट-टाइप वाचतो, अर्धविरामापुढचा भाग छाटतो आणि हँडलर शोधू लागतो. प्रोग्रॅमरने हँडलर पुरवणारी फॅक्टरी नेमली असेल तर पहिली विचारणा तिच्याकडे. तेथे काही मिळाले नाही तर एका सिस्टिम प्रॉपर्टीत उभ्या रेघांनी वेगळी केलेली पॅकेजांची नावे असतात, ती पाहिली जातात. तिरकी रेघ जाऊन टिंब येते आणि क्लासच्या नावात न चालणाऱ्या चिन्हांच्या जागी अधोरेघ. टॅबने रकाने पाडलेल्या मजकुराचा प्रकार ‘टेक्स्ट/टॅब-सेपरेटेड-व्हॅल्यूज’. त्याच्या हँडलरचा क्लास ‘टेक्स्ट’ पॅकेजमध्ये अधोरेघा घातलेल्या याच नावाने ठेवावा लागतो, तोही लहान लिपीत. जावात क्लासचे पहिले अक्षर मोठे लिहायचा दंडक आहे, म्हणून ही नावे नवख्याला चुकलेलीच वाटतात. आतली मेथड मात्र एकच: कनेक्शन घ्यायचे, स्ट्रीम वाचायचा, ऑब्जेक्ट परत द्यायचा.

मजकुराच्या बाबतीत स्वतःचा हँडलर लिहिण्याला सबळ कारण होते. जेडीके या जावाच्या विकाससंचाबरोबर येणारा टेक्स्ट/प्लेनचा हँडलर पुढे नुसता इनपुट स्ट्रीम परत देऊ लागला, म्हणजे खरे काम मागणाऱ्याच्याच गळ्यात. ओळी किंवा रकाने हवे असतील तर हँडलर आपणच लिहायचा. खरी मेख मात्र कॅरॅक्टर सेटची, म्हणजे कोणत्या बाइट्सचे कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या संचाची. तो कंटेंट-टाइपमध्ये अर्धविरामापुढे असतो, आणि हँडलर निवडताना नेमका तोच भाग टाकून दिलेला असतो. त्यामुळे हँडलरला पूर्ण हेडर पुन्हा मागून तो शोधावा लागतो. ‘गेटकंटेंटएन्कोडिंग’ नावाची मेथड दिसली की अनेकजण तिलाच कॅरॅक्टर सेट विचारतात, पण ती जीझिपसारख्या आवळणीची माहिती देते. नाव फसवे आहे हे मान्य करावेच लागेल.

पहिल्या आवृत्तीत तर बाइट्सवरून अक्षरे करणारा रीडरही नव्हता; तो १९९७मध्ये जावा १.१ बरोबर आला. तोवर डेटाइनपुटस्ट्रीममधून ओळ वाचली की एका बाइटचे एक अक्षर व्हायचे. इंग्रजीचे काही बिघडत नसे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे, त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाचे पंधरा बाइट्स होतात आणि ते लॅटिन-१ म्हणून वाचले तर अक्षरेही पंधरा. एकट्या ‘म’च्या जागी वर तिरकी खूण असलेला रोमन ए, चलनाचे गोल चिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा आर असे त्रिकूट उमटते. हेडरमध्ये काही लिहिले नसेल तर मजकूर लॅटिन-१ समजावा, असे एचटीटीपीचा जुना नियमच सांगत होता. तो २०१४मध्ये काढला गेला. युनिकोड रुळण्याआधीची बरीच मराठी संकेतस्थळे तर स्वतःचा फाँट वापरत. बाइट्स रोमन अक्षरांचे, फक्त दिसणे देवनागरी. अशा पानासाठी फाँटगणिक वेगळे कोष्टक लागते. हेडर तेथे कामाचा नाही.

हँडलरची कल्पना मागे पडली ती याहून वेगळ्या कारणांनी. परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवणे ही सुरक्षेच्या दृष्टीने मोठी जोखीम होती. वेबपानात चालणाऱ्या ॲपलेटला फॅक्टरी नेमण्याची परवानगी नसे, आणि १९९०च्या दशकात बहुतेकांना जावा भेटली ती ॲपलेटमधूनच. संपूर्ण जावा यंत्राला एकच फॅक्टरी, तीही एकदाच नेमता येई. दुसऱ्या लायब्ररीने प्रयत्न केला की थेट एरर. शिवाय ‘गेटकंटेंट’ कोणत्या प्रकारचा ऑब्जेक्ट देईल याची खात्री नसल्याने प्रोग्रॅमर आधी तपासणी करी, मग कास्टिंग. त्यापेक्षा स्ट्रीम उघडून स्वतः वाचलेला बरा, असेच बहुतेकांनी ठरवले.

२०१७च्या जावा ९ मध्ये सर्व्हिस लोडर या जावाच्या यंत्रणेतून फॅक्टऱ्या पुरवण्याची सोय झाली, तेव्हा एकाच फॅक्टरीची अडचण सुटली. सप्टेंबर २०१८मध्ये जावा ११ बरोबर आलेल्या नव्या एचटीटीपी क्लायंटने मांडणीच उलटी केली. तेथे ‘बॉडी हँडलर’ असतो आणि तो मागणी पाठवतानाच सोबत द्यायचा. सर्व्हरने सांगितलेल्या प्रकारावरून हँडलर शोधला जात नाही. काय हवे ते मागणारा आधी ठरवतो. स्ट्रिंग हवी असेल तर तयार हँडलर हेडरमधला कॅरॅक्टर सेट स्वतः वाचतो आणि तो नसेल तर यूटीएफ-८ धरून चालतो.