उस्मानाबाद जिल्ह्याचा १९७७ चा कौल

निवडणुकीच्या निकालास मराठीत ‘कौल’ म्हणतात. शब्द एकवचनी असल्याने प्रदेशाने एकमुखाने उत्तर दिले, असा समज त्यातून सहज होतो. मार्च १९७७ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचे उत्तर मात्र दुहेरी होते.

आणीबाणीनंतरच्या या लोकसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशातील ८५ व बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. महाराष्ट्रात मात्र तिने ४८ पैकी २० जागा जिंकल्या. त्यांत उस्मानाबाद होते. तेथून काँग्रेसचे तुकाराम शृंगारे निवडून आले. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात मोडत असे; त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. त्या लातूर मतदारसंघाने काँग्रेसला नाकारून शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील यांना लोकसभेत पाठविले.

यावरून उस्मानाबाद निष्ठावान व लातूर बंडखोर, असे अनुमान काढणे सोपे आहे. परंतु ते टिकत नाही. उद्धवरावांनी विधानसभेत प्रतिनिधित्व केले होते ते उस्मानाबादचेच. लोकसभेचा तो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने तेथे त्यांना उभे राहता येत नव्हते. ज्या नेत्यास लातूरने निवडले, त्यास निवडण्याची अगर नाकारण्याची संधी उस्मानाबादच्या मतदारास मिळालीच नाही.

सारांश, कौलाचा अर्थ लावताना उत्तराइतकाच प्रश्नही तपासला पाहिजे. शेजारच्या दोन मतदारसंघांना त्या वर्षी एकच प्रश्न विचारला गेला नव्हता.